विश्लेषण : सर्व्हर बंद पडला तरी तिकीट कसे निघते? आणि तरीही ‘पैसे कापले, मिळाले नाहीत’ असे का होते?

डहाणू रोड स्थानकाच्या आरक्षण खिडकीवर सकाळी ११ वाजता स्लीपरच्या तत्काळ तिकिटांसाठी रांग असते. त्याच सुमारास तलासरीतल्या एखाद्या ग्राहक सेवा केंद्रात लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये किंवा रोजगार हमीची मजुरी काढायला आलेल्या बायका उभ्या असतात. एकीकडे लिपिक कळफलकावर बोटे चालवतो, दुसरीकडे मशीनवर अंगठा ठेवला जातो. दोन्हीकडची विचारणा दूरच्या शहरांतल्या संगणकांपर्यंत जाते आणि काही सेकंदांत उत्तर घेऊन परत येते.

ते संगणकही शेवटी यंत्रेच. त्यांच्या डिस्क खराब होतात, वीजपुरवठ्याचा भाग जळतो, सॉफ्टवेअर मध्येच अडकते. तरीही बहुतेक वेळा खिडकीसमोरच्या माणसाला याचा पत्ता लागत नाही. कारण महत्त्वाचा डेटाबेस एका संगणकावर ठेवलेला नसतो. तो अनेक संगणकांच्या गटावर, म्हणजे ‘क्लस्टर’वर चालतो. एक पडला की त्याचे काम दुसरा उचलतो. याला ‘फेलओव्हर’ म्हणतात. पण हे काम उचलताना नेमका जो व्यवहार अर्ध्यावर होता, त्याचे काय झाले हा प्रश्न उरतो, आणि तो प्रश्न थेट लोकांच्या खिशाशी जोडलेला आहे.

‘पारदर्शक’ फेलओव्हर म्हणजे काय?

सरकारी भाषेत पारदर्शक कारभार म्हणजे सगळे डोळ्यांसमोर दिसणे. संगणकशास्त्रात या शब्दाचा अर्थ जवळपास उलटा आहे. स्वच्छ काच समोर असूनही दिसत नाही, तसे आत काहीतरी बदलले तरी वापरणाऱ्याला ते जाणवू नये, याला तिथे ‘ट्रान्सपरंट’ म्हणतात. सर्व्हर बदलला, पण खिडकीवरच्या लिपिकाला पुन्हा लॉगिन करावे लागले नाही, प्रवाशाचे नाव-वय पुन्हा भरावे लागले नाही, पडद्यावर चूक झाल्याचा संदेश आला नाही, फक्त तिकीट निघायला नेहमीपेक्षा काही सेकंद जास्त लागले, तर फेलओव्हर पारदर्शक झाला. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात ते संगणक क्षेत्रातल्या अवघड कामांपैकी एक आहे.

रेल्वेने हे कधीपासून वापरले?

डहाणूच्या प्रवाशांनी या तंत्राचा लाभ मोबाइल हातात येण्याच्या कितीतरी आधी घेतला आहे. रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८५ मध्ये नवी दिल्लीत प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत मुंबई, कोलकाता, चेन्नई, सिकंदराबाद येथे केंद्रे उभी राहिली. सुरुवातीला ही केंद्रे एकमेकांशी जोडलेली नव्हती. मग ‘क्रिस’ या रेल्वेच्या माहिती तंत्रज्ञान संस्थेने ‘कॉन्सर्ट’ नावाची प्रणाली बनवली. १९९४ मध्ये ती सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ पर्यंत पाचही केंद्रे तिच्याखाली जोडली गेली. त्यामुळे डहाणूच्या खिडकीवरून सिकंदराबाद केंद्राच्या ताब्यातल्या गाडीचे तिकीट काढता येऊ लागले.

‘कॉन्सर्ट’ फोरट्रान आणि सी या भाषांत लिहिली गेली. तिच्या पोटात ‘रिलाएबल ट्रॅन्झॅक्शन राउटर’ नावाचे एक मध्यस्थ सॉफ्टवेअर आहे. ते अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे. याच कंपनीने १९८३ मध्ये ‘व्हॅक्सक्लस्टर’ बाजारात आणून अनेक संगणक एकजुटीने चालवण्याची कल्पना व्यवहारात उतरवली होती. या राउटरची रचना तीन थरांची आहे. पुढच्या थरात तिकीट मागणारा प्रोग्राम, मागच्या थरात डेटाबेस सांभाळणारे सर्व्हर आणि मध्ये राउटर. मागणी करणाऱ्याला मागे कोणता सर्व्हर आहे हे माहीतच नसते, तो फक्त राउटरशी बोलतो. कोणता सर्व्हर जिवंत आहे याचा हिशेब राउटर ठेवतो. काम चालू असताना सर्व्हर पडला तर राउटर तीच मागणी पहिल्यापासून राखीव सर्व्हरला ऐकवतो. राउटरच पडला तर पुढचा थर दुसरा राउटर शोधतो. ‘पत्ता नव्हे, काम महत्त्वाचे’ हा विचार आज क्लाउडच्या जमान्यात नवा म्हणून मांडला जातो, तो रेल्वेच्या खिडकीमागे २५ वर्षांहून अधिक काळ निमूटपणे चालू आहे.

अर्थात यंत्रणा जुनी झाली आहे. सध्याची आरक्षण यंत्रणा २०१० मध्ये बसवलेली असून ती ‘इटॅनियम’ सर्व्हर आणि ‘ओपन व्हीएमएस’ या कार्यप्रणालीवर चालते, असे रेल्वे मंत्रालयानेच सांगितले आहे. ती बदलण्याचे काम हाती घेण्यात आले असून, मिनिटाला सुमारे ३२ हजार तिकिटांची क्षमता दीड लाखांवर नेण्याचे उद्दिष्ट जून २०२५ मध्ये जाहीर झाले.

सर्व्हर मेला, हे ठरवते कोण?

क्लस्टरमधले संगणक एकमेकांना सतत छोटे संदेश पाठवत असतात. ‘मी आहे’ एवढाच त्यांचा अर्थ. याला ‘हार्टबीट’, म्हणजे हृदयाचे ठोके म्हणतात. सलग काही ठोके चुकले की तो संगणक गेला असे मानले जाते. अडचण अशी की ठोके न येण्याची कारणे दोन असू शकतात. संगणक खरोखर बंद पडला असेल किंवा संगणक ठणठणीत असून मधली वायर तुटली असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते.

समजा दोनच संगणक आहेत आणि मधली वायर तुटली. दोघांनाही वाटते, समोरचा गेला, आता मीच मालक. दोघेही तिकिटे विकू लागतात. एस-४ डब्यातला २३ क्रमांकाचा बर्थ एकाच दिवशी दोन कुटुंबांना मिळतो. बँकेत हेच झाले तर एकाच खात्यातली तीच शिल्लक दोनदा काढली जाते. या प्रकाराला ‘स्प्लिट ब्रेन’, म्हणजे डोके दुभंगणे म्हणतात. सर्व्हर तासभर बंद राहणे परवडले, पण हे नको, अशी त्याची भीती असते.

यावरचा उपाय ग्रामपंचायतीच्या सभेसारखा आहे : गणसंख्या. क्लस्टरमध्ये मतांची संख्या शक्यतो विषम ठेवतात. तीनपैकी दोघे एकमेकांना दिसत असतील तर बहुमत त्यांचे, ते काम चालू ठेवतात. एकटा पडलेला तिसरा स्वतः धडधाकट असला तरी कारभार थांबवतो. त्याने थांबण्याचे नाकारले तर? काही व्यवस्थांमध्ये उरलेले संगणक त्याची वीजच तोडतात. थोडक्यात, मेल्याची खात्री नसेल तर आधी मारून मग वारसा घेतात. क्रूर वाटते, पण हिशेब शाबूत राहतो.

डहाणूच्या वीज केंद्राचा इथे संबंध काय?

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी १० च्या सुमारास मुंबई महानगराची वीज गेली. लोकल थांबल्या, परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या. त्या वेळी डहाणूच्या ५०० मेगावॉट क्षमतेच्या औष्णिक केंद्रातून मुंबईतील अत्यावश्यक सेवांना सुमारे ३८५ मेगावॉट वीज पुरवली जात असल्याचे अदानी इलेक्ट्रिसिटीने जाहीर केले होते. मोठे जाळे कोसळताच त्यातला एक तुकडा स्वतःला तोडून घेतो आणि आपल्यापुरता चालू राहतो. या तंत्राला ‘आयलँडिंग’, म्हणजे बेट करणे म्हणतात.

विजेच्या जाळ्यात तुटलेला भाग स्वतंत्रपणे चालला तर ते यश असते. डेटाबेसमध्ये नेमका तोच अपघात ठरतो. कारण वीज वापरली की संपली, तिचा मागचा हिशेब जुळवत बसावे लागत नाही. खात्यातली शिल्लक किंवा गाडीतली जागा मात्र दोन बेटांवर दोन वेगवेगळ्या आकड्यांत राहिली, तर पुन्हा एकत्र येताना खरी कोणती हे सांगायला कोणी नसते. म्हणूनच बँकेची यंत्रणा कधी कधी ‘सेवा उपलब्ध नाही’ असे सांगते तेव्हा ती बिघडलेलीच असते असे नाही. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा गप्प राहणे तिने पसंत केलेले असू शकते.

जोडणी दुसरीकडे वळते कशी?

मेलेला संगणक ‘मी मेलो’ असे सांगत नाही. तो फक्त गप्प होतो. फोनवर ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असे ऐकू आले तर आपण लगेच दुसरा क्रमांक फिरवतो. नुसती रिंग वाजत राहिली तर वाट पाहतो. संगणकाचेही तसेच. सर्व्हरवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या लिनक्स प्रणालीत एखादी शांत जोडणी जिवंत आहे की नाही हे तपासण्याआधी मूळ सेटिंगप्रमाणे दोन तास थांबले जाते. पाठवलेल्या संदेशाला पोच मिळत नसेल तर पुन्हा पुन्हा पाठवण्यात साधारण पाव तास जाऊ शकतो. तत्काळच्या रांगेत पाव तास म्हणजे सगळाच खेळ संपला.

म्हणून क्लस्टरला एक ‘फिरता पत्ता’ दिला जातो. तो कोणत्याही एका संगणकाचा नसतो. संगणक पडला की काही सेकंदांत तो पत्ता शेजारचा संगणक स्वतःकडे घेतो. त्या पत्त्यावर चालू असलेल्या जुन्या जोडणीला तो ताबडतोब नकार देतो, आणि नकार मिळाला की मागणी करणारा प्रोग्राम वाट न पाहता नवी जोडणी करतो. इथे नकार ही चांगली बातमी असते. दुसरी पद्धत म्हणजे मागणी करणाऱ्या प्रोग्रामकडेच सगळ्या संगणकांच्या पत्त्यांची यादी देणे. पहिला उचलत नसेल तर दुसऱ्याला विचार. पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून ही सोय त्याच्या मूळ जोडणी-साधनातच आहे.

जोडणी झाली तरी काम संपत नाही. नव्या संगणकाला हा ग्राहक कोण, त्याने काय विचारले होते, हे ठाऊक नसते. ओरॅकलच्या ‘ट्रान्सपरंट ॲप्लिकेशन फेलओव्हर’मध्ये पुन्हा लॉगिन आपोआप होते. यादी वाचणे चालू असेल तर प्रश्न नव्याने विचारून आधी दिलेल्या ओळी वगळून पुढच्या दिल्या जातात. म्हणजे गाड्यांची यादी पाहत असाल तर काही कळणारही नाही. पण नोंद बदलण्याचे काम, म्हणजे तिकीट काढणे किंवा पैसे वळते करणे, अर्ध्यावर असेल तर ते रद्द होते आणि प्रोग्रामला तसे सांगितले जाते. नावात ‘ट्रान्सपरंट’ असले तरी काच इथे तडकते.

अर्धवट राहिलेल्या व्यवहाराचे काय?

तलासरीतल्या सेवा केंद्रात अंगठा लावला की मागणी केंद्रचालकाच्या बँकेकडे जाते, तिथून एनपीसीआयच्या आधार आधारित पेमेंट यंत्रणेकडे. अंगठ्याची खातरजमा आधार प्राधिकरणाकडे होते, ज्याची डेटा केंद्रे बेंगळूरु आणि हरियाणातील मानेसर येथे आहेत. पैसे कापायचे काम ग्राहकाच्या बँकेचे. मग उत्तर त्याच साखळीने उलटे परत येते. यातली कोणतीही कडी कोणत्याही क्षणी फेलओव्हरमध्ये असू शकते.

आता तीन शक्यता पाहा. मागणी बँकेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच कडी तुटली, तर काहीच झाले नाही. नोंद लिहिता लिहिता तुटली, तर डेटाबेस ती अर्धी नोंद पुसून टाकतो आणि पैसे जागेवर राहतात. पण नोंद पक्की झाली, पैसे कापले गेले आणि ‘झाले’ हा निरोप परत येताना कडी तुटली तर? तिन्ही प्रसंगांत तलासरीच्या मशीनवर एकच ओळ उमटते : टाइम आउट. केंद्रचालक म्हणतो, ‘परत अंगठा लावा.’ तिसऱ्या प्रसंगात परत अंगठा लावणे म्हणजे खात्यातून दुसऱ्यांदा पैसे जाणे. ज्या बाईच्या खात्यात महिन्याचे दीड हजारच येतात, तिच्यासाठी ही तांत्रिक बारीक गोष्ट नाही.

यावर तंत्रज्ञांनी शोधलेले उत्तर साधे आहे : प्रत्येक मागणीला जन्मतःच एक क्रमांक द्या. उत्तर आले नाही तर मागणी पुन्हा करण्याआधी नव्या सर्व्हरला विचारा, ‘हा क्रमांक पक्का झाला का?’ झाला असेल तर फक्त उत्तर घ्या, नसेल तरच काम पुन्हा करा. ओरॅकलने ही सोय २०१३ च्या आवृत्तीत थेट डेटाबेसमध्ये आणली. बँकांच्या व्यवहारात पावतीवर १२ अंकी आरआरएन छापलेला असतो, तो याच जातीचा. मात्र केंद्रचालकाने व्यवहार सोडून देऊन नव्याने सुरू केला की क्रमांकही नवा पडतो आणि यंत्रणेच्या लेखी तो वेगळा व्यवहार ठरतो. मग जुळवणी दिवसअखेरीच्या हिशेबातच होते.

पर्यायी केंद्र असूनही सगळे ठप्प का होते?

एकाच इमारतीतल्या दोन संगणकांत प्रत्येक नोंद एकाच वेळी लिहिता येते. दोन शहरांत ते महाग पडते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे डहाणू-मुंबईएवढ्या, सव्वाशे किलोमीटरच्या अंतरावर जाऊन यायला सव्वा मिलिसेकंद, तर १,७०० किलोमीटरवर जाऊन यायला १७ मिलिसेकंद. माणसाला हे कळणारही नाही, पण सेकंदाला हजारो व्यवहार हाताळणाऱ्या यंत्राला प्रत्येक वेळी एवढे थांबणे परवडत नाही. त्यामुळे दूरच्या केंद्रात नोंदी किंचित मागून जातात. मुख्य केंद्र अचानक गेले तर शेवटच्या काही नोंदी तिथे पोहोचलेल्याच नसतात. दूरच्या केंद्रावर जायचे की थांबायचे, हा निर्णय म्हणूनच बऱ्याचदा माणसे घेतात आणि माणसे कचरतात.

मुंबईत याची दोन मोठी उदाहरणे घडली. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी पावणेचारला सुरू झाले. चेन्नईत पर्यायी केंद्र होते, पण तिकडे काम वळवले गेले नाही. त्यानंतर सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बिघडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम सुरू करायचे. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, बाजार मुद्दाम पर्यायी केंद्रावरून चालवून पाहण्यात आला. त्याआधी २१ नोव्हेंबर २०२० रोजी एचडीएफसी बँकेच्या मुख्य डेटा केंद्रातील वीज गेल्याने सेवा कोलमडल्या होत्या. रिझर्व्ह बँकेने त्यावर नव्या डिजिटल सेवा आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास स्थगिती दिली, ती पूर्णपणे उठायला मार्च २०२२ उजाडले.

पर्यायी केंद्र शक्यतो वेगळ्या भूकंपप्रवण क्षेत्रात असावे, असेही सेबी सांगते. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी परिसरातले धक्के अनुभवलेल्या डहाणू-तलासरीकरांना या अटीचे कारण समजावून सांगायला नको.

मग इथे ‘सर्व्हर डाऊन’ इतके का ऐकू येते?

कारण ‘सर्व्हर डाऊन’ हे कोणत्याही बिघाडाचे सोयीचे नाव झाले आहे. बेंगळूरु किंवा मुंबईतल्या डेटाबेसला दोन-तीन जोडीदार असतात. तलासरीतल्या पाड्यावरच्या केंद्राला एक मशीन, एक सिमकार्ड, एक टॉवर आणि त्या टॉवरला जाणारी एक केबल असते. महामार्ग, द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन यांची कामे चालू असलेल्या पट्ट्यात खोदकामाची कमी नाही, आणि पावसाळ्यात वीज जाणे नित्याचे. यातले काहीही गेले की पलीकडचा सर्व्हर जिवंत असूनही पोहोचत नाही. साखळीची जी कडी सगळ्यात स्वस्त, तिलाच जोडीदार नाही. केंद्राला दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घेणारा साधा राउटर आणि तासभर चालणारी बॅटरी मिळाली, तर इथल्या बऱ्याच ‘सर्व्हर डाऊन’चा प्रश्न कोट्यवधींच्या क्लस्टरला हात न लावता सुटू शकतो. पण डेटा केंद्राच्या तयारीची नियामक तपासणी करतात, पाड्यावरच्या केंद्राच्या रेंजची जबाबदारी कोणाची, हे विचारले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो.

पैसे अडकले तर?

टाइम आउट आल्यावर दुसऱ्यांदा अंगठा लावण्यापूर्वी शिल्लक किंवा मिनी स्टेटमेंट पाहावे आणि फसलेल्या व्यवहाराचीही पावती मागावी. पावती न देता ‘झाला नाही, परत लावा’ असे सांगून दोनदा पैसे काढण्याचा प्रकारही होऊ शकतो. त्यामुळे आरआरएन हाती असणे महत्त्वाचे.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार आधार मशीनवर किंवा एटीएममध्ये खात्यातून रक्कम गेली पण व्यवहार पूर्ण झाला नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती परत जमा व्हायला हवी. त्यापुढे प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे आणि ती ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता द्यायची आहे. हे पाच दिवस कामकाजाचे नव्हेत, दिनदर्शिकेतले आहेत. मधल्या सुट्ट्यांचे कारण चालत नाही. रक्कम आली नाही तर तक्रार ज्या बँकेत खाते आहे तिथे करायची, सेवा केंद्राच्या बँकेत नव्हे. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते.